ज्यानं लावला त्यानंच काढायचा

आमच्या अंगणातली मोटारसायकल चालू का होत नाही, हे पहूरमध्ये दोघांनाच ठाऊक होतं. एक स्टँडजवळचा गॅरेजवाला आणि दुसरी मी. कारण ती मीच बिघडवून ठेवत होते. ज्यांची गाडी, ते माझे यजमान, रोज सकाळी चहा झाला की तिच्यापाशी उकिडवे बसायचे आणि बिघाड शोधायचे. मी ओट्यावर तांदूळ निवडत, नाहीतर लसूण सोलत त्यांच्याकडे बघत असायचे. बिघाड सापडू नये म्हणून देव पाण्यात घालून बसायचे, आणि सापडावा म्हणूनही. दोन्ही एकदम. हे कसं शक्य आहे, असं कोणी विचारलंच, तर त्यानं माझ्या जागी बसून एक सकाळ काढून बघावी, एवढंच म्हणेन.

ते दीपनगरच्या वीज केंद्रात फिटर होते. आमचा सगळा संसार तिथल्या कॉलनीतल्या दोन खोल्यांत झाला. मी जवळच्या गावात झेडपीच्या शाळेत शिकवायचे. केंद्राच्या धुराच्या चिमण्यांशेजारी राहायचं म्हणजे राख आलीच. दोरीवरचे कपडे, वाळत घातलेले पापड, तुळस, सगळ्यावर करडा थर. हे ड्युटीला निघताना खिशातून फडकं काढायचे आणि गाडीची सीट पुसायचे. आधी स्वतःची जागा, मग माझी. मी बरोबर जाणार नसले तरी माझी जागा पुसली जायचीच. निवृत्त होऊन आम्ही पहूरला, त्यांच्या गावी, राहायला आलो. इथं राख कुठली? फार तर कापसाच्या गाड्यांचा धुरळा. पण सीट पुसल्याशिवाय हे गाडीवर बसले नाहीत. मी चिडवायचे, "अहो, पुसून पुसून सीटचं कातडं जाईल." त्यावर माझ्या जागेवर आणखी एक हात फिरवायचे.

गाडी चालू झाली नाही तर काय करायचं, याची त्यांची एक रीत होती. आधी डोळे, मग नाक, मग कान, आणि शेवटी हात. डोळ्यांनी बघायचं, टाकीत पेट्रोल आहे का, टाकीखालचा कॉक चालू आहे का. मग प्लग काढून नाकाशी धरायचा. पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल पोहोचतंय, म्हणजे दुखणं करंटचं. मग किक मारून आवाज ऐकायचा. "फिटरनं पाना सगळ्यात शेवटी उचलायचा," असं म्हणायचे. शेजारचे लोक गाडी चालू झाली नाही की आडवी पाडायचे, टाकीत फुंकर मारायचे, घाम फुटेपर्यंत किका मारायचे. हे लांबून बघून मान हलवायचे. कधी कधी उठून जायचे आणि दोन मिनिटांत गाडी चालू करून परत येऊन पेपर वाचायला लागायचे.

यात माझं एकच काम असायचं. प्लग काढून वायरच्या टोपीत बसवायचा, इंजिनाला टेकवायचा आणि किक मारायची. प्लगच्या टोकाला निळी ठिणगी पडली तर करंट आहे. पण आमच्याकडच्या उन्हात ठिणगी दिसते कुठे? म्हणून मी पदर पसरून अंधार करायचे. पदराखाली आम्हा दोघांची डोकी. नव्या लग्नात याची मला फार लाज वाटायची, कॉलनीतल्या बायका खिडकीतून हसायच्या. "दिसली का?" हे विचारायचे. "दिसली," मी म्हणायचे. पुढे पुढे लाज गेली आणि मी आपणहून पदर मोकळा करून उभी राहायला लागले.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्यांच्या कामावर टॅगची पद्धत होती. कुठलंही मशीन उघडायचं झालं की त्याचं बटण बंद करायचं आणि बटणावर लाल पुठ्ठ्याचा टॅग अडकवायचा: काम चालू आहे, सुरू करू नये. खाली सही. ज्यानं लावला त्यानंच तो काढायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, साहेब असला तरी. हीच पद्धत यांनी घरात आणली. पंखा दुरुस्त करायचा, तरी मेन स्विचवर टॅग! एकदा भर मे महिन्यात पंखा उघडला, मेन स्विचला टॅग लावला आणि सामान आणायला जळगावला निघून गेले. घरात मी आणि तान्हं पोर. मेन स्विचच बंद, म्हणजे कूलरही बंद. अंगाची लाही लाही झाली. शेवटी मी टॅग काढला आणि मेन चालू केला. संध्याकाळी आले तेव्हा टॅग टेबलावर बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. ओरडले नाहीत. इतकंच म्हणाले, "अगं, टॅग असतो म्हणजे आत माणूस असतो."

"घरात कुठला माणूस?" मी म्हणाले. "पंख्यात बसतो का माणूस?"

"बाहेरच्याला दिसत नाही. म्हणून तर टॅग." त्या रात्री जेवले नाहीत. मीही हट्टाला पेटले आणि त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

आजार आला तो असा दबकत, की आम्ही त्याला आधी वय म्हणालो, मग विसरभोळेपणा म्हणालो. पहाटे उठून डबा मागायला लागले, पहिल्या पाळीला जायचं म्हणून. मी म्हणायचे, "अहो, तुम्ही निवृत्त झालात." तेवढ्यापुरते ओशाळून हसायचे. मग एके दिवशी गाडीवरून शेतात गेले आणि आलेच नाहीत. दुपार टळल्यावर जामनेरच्या रस्त्यावर सापडले, गाडी रस्त्याच्या मधोमध उभी करून. बाजूनं ट्रक हॉर्न वाजवत जात होते. जळगावच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला, काही प्रश्न विचारले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हे आता वाढतच जाणार. गाडी मात्र आजपासून बंद.

बंद म्हणणं सोपं आहे हो. किल्ली लपवली, तर त्या जुन्या गाडीचं कुलूप इतकं झिजलेलं की कपाटाची किल्लीसुद्धा लागायची. पुण्याचा मुलगा फोनवर म्हणाला, "आई, विकून टाक ना ते धूड." विकवलं नाही, पण पुतण्याकडे नेऊन ठेवली. तर हे गाडी चोरीला गेली म्हणून पायी शोधायला निघाले. अनवाणी, हायवेनं. दोन माणसांनी धरून आणलं तेव्हा पायाला फोड आलेले. गाडी परत आणून अंगणात लावली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. फडकं घेऊन लगेच सीट पुसायला बसले. तेव्हा मला समजलं की गाडी नसेल तर हा माणूस घरात राहणार नाही, आणि गाडी चालू असेल तरी राहणार नाही. गाडी असावी आणि चालू होऊ नये, हाच एक मार्ग.

गॅरेजवाला धुळ्याकडचा, अहिराणी बोलणारा, तोंडानं फटकळ पण मनानं बरा. त्यानं गाडी बघितली आणि म्हणाला, "काकू, गाडी बठ्ठी चांगली शे. काय करू?"

"बिघडव," मी म्हटलं.

त्यानं कपाळाला हात लावला. "लोक चालू कर सांगतस, तुम्ही बंद कर सांगतस?" मग मी सगळं सांगितलं. तो काही वेळ हात पुसत बसला. उठला आणि डब्यातून एक मेलेला प्लग काढून आणला. बाहेरून धडधाकट, आतून गेलेला. माझ्या गाडीत बसवून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे गाडीपाशी बसले. डोळ्यांनी बघितलं. प्लग काढला, हुंगला. "पेट्रोल येतंय," म्हणाले. मग मला हाक मारली, "अगं, पदर धर." मी धरला. किक मारली, ठिणगी नाही. "प्लग गेलाय," म्हणाले, आणि पत्र्याच्या डब्यातून जपून ठेवलेला जुना प्लग काढून बसवला. एका किकमध्ये गाडी चालू! मी धावत जाऊन बटण बंद केलं, भाजी करपली, घरात या, असलं काहीतरी बडबडले. पण स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावला आणि रडले, आणि ते काही भीतीनं नव्हे. त्यांना सापडलं होतं! डॉक्टरचे प्रश्न गेले खड्ड्यात. कुठला वार, कुठला महिना, हे नाही सांगता आलं त्यांना, पण प्लग गेलाय हे सांगता आलं. माझा माणूस अजून होता.

मग हा खेळच झाला. मी डब्यातले प्लग लपवले, गॅरेजवाल्यानं दुसरी काहीतरी खोड काढून दिली, यांनी ती शोधली. कधी दुपारपर्यंत, कधी दोन-तीन दिवसांनी. सापडलं की मी काहीतरी निमित्त करून त्यांना आत न्यायचे, आणि तिकडे गॅरेजवाला येऊन नवी खोड करून जायचा. यांना तो आबा म्हणायचा. म्हणायचा, "काकू, आबांनी मला कामाला ठेवायला पाहिजे." मी हसायचे. त्या दिवसांत मी पुष्कळ हसले, खोटं कशाला बोलू.

मग त्यानं जरा कठीण काम केलं. टाकीखालची वायर आतून तोडली आणि वरचं आवरण पुन्हा सरकवून ठेवलं. दिसायला वायर अखंड. "हे काही सापडत नाही," म्हणाला. मीही तसंच धरून चालले. दुसऱ्या दिवशी दळण घेऊन गिरणीत गेले, तिथं गर्दी होती. परत आले तर अंगण रिकामं. जमिनीवर टाकीचे बोल्ट काढून एका रांगेत ठेवलेले... नाही, बोल्ट नव्हतेच, फक्त त्यांच्या तेलाचे डाग होते रांगेनं, आणि शेजारी वायरच्या आवरणाचा एक तुकडा. बोट फिरवत फिरवत गेले असणार, जिथं मऊ लागली तिथं थांबले असणार. शेवटी हात. मी डोक्यावरचं दळण तिथंच टाकलं. आणि त्या घाबरण्याच्या आत कुठेतरी मी हरखलेही होते.

संध्याकाळी दीपनगरहून फोन आला, आमच्या जुन्या शेजाऱ्याचा. कॉलनीच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसलेत, लवकर या. गॅरेजवाल्यानं दुकान बंद केलं, ओळखीची जीप ड्रायव्हरसकट मिळवली आणि माझ्याबरोबर आला. सगळ्या वाटेत प्रत्येक ट्रक दिसला की माझ्या मनात नको नको ते यायचं. हे असल्या हायवेवरून एकटे गेले होते, सगळी वळणं बरोबर घेत. जायची वाट त्यांना पाठ होती. घरी यायची तेवढी नव्हती.

टपरीच्या बाकावर बसले होते, हातात फडकं. गाडी सरळ रेषेत लावलेली. मला बघून उभे राहिले आणि लहान मुलासारखा चेहरा झाला. "उशीर झाला गं," म्हणाले. "आत घेत नाहीत. गैरहजेरी लागली." सगळ्या नोकरीत ज्यांनी ताप असतानाही दांडी मारली नाही, ते रस्त्यावर उभे राहून रडत होते. मी म्हणाले, "लागली तर लागली. मी साहेबांना सांगते." चहावाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. जीपमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टेकवून झोपले. मागून गॅरेजवाला त्यांची गाडी चालवत येत होता.

त्यानंतर कठीण बिघाडाची गरज पडली नाही. हे लिहायला नको वाटतं, पण तसंच झालं. आधी वायर सापडायची, मग फक्त मेलेला प्लग पुरायला लागला. मग प्लगही नको झाला, नुसता पेट्रोलचा कॉक बंद केला तरी दिवसभर कोडं पडायचं. बिघाड सोपा सोपा होत गेला आणि हे अवघड अवघड होत गेले. दीपनगरच्या नोकरीत शिकलेली साफ मराठी आधी गेली. पहूरची, त्यांच्या आईची बोली परत आली. "अगं" चं "काय वं" झालं. "मला" चं "मले" झालं. सासूबाई जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आता त्यांचे शब्द माझ्या घरात फिरायला लागले.

एक दिवस मला हाक मारली, "ये वं, पदर धर." कितीतरी दिवसांनी. मी हातातलं काम टाकून गेले, पदर पसरला. त्या दिवशी गाडीत मेलेलाच प्लग होता, मीच बसवलेला. किक मारली. पदराखाली काळोख, काही नाही. "दिसली," हे म्हणाले. हसत होते. "निळीशार दिसली. तुले दिसली का?"

मी पदर तसाच धरून उभी राहिले. "दिसली," मी म्हणाले. इतकी वर्षं त्या पदराखाली मी खरं तेच बोलत आले होते.

हिवाळ्यात शोधणंच संपलं आणि नुसती किक राहिली. डोळे नाहीत, नाक नाही, कान नाहीत. बसल्या बसल्या उठायचे आणि किका मारत सुटायचे, लोक मारतात तशा, घाम फुटेपर्यंत. एकदा किक उलटी आली आणि नडगीवर बसली. पाय सुजून काळानिळा झाला, तरी थांबेनात. मी धरायला गेले तर मला ढकललं. मी म्हणाले, "अहो, पाय बघा आपला!" तर पायाकडे बघून म्हणाले, "कोनाचा हाये?" आता गाडी चालू होऊ नये एवढ्यानं भागणार नव्हतं. आता त्यांनी तिला हात लावू नये, हे हवं होतं. माझ्या नाकी नऊ आले. मुलगा म्हणाला, आता तरी विक. मी म्हणाले, विकल्यावर हे हायवेनं निघतील, तेव्हा यांच्या मागे तू धावशील का पुण्याहून? चिडून फोन ठेवला. बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

नडगीला लावायला मलम शोधत होते, तेव्हा त्यांची हत्यारांची लाकडी पेटी उघडली. पान्यांच्या खाली दोरीत बांधलेले जुने लाल टॅग निघाले. नोकरीतून उरलेले, घरातल्या पंख्या-मिक्सरसाठी जपून ठेवलेले. वरच्याच टॅगवर त्यांची सही होती. ती मोठी, तिरकी, खाली रेघ मारलेली सही. मला एकदम सुचलं आणि इतका आनंद झाला की मी तिथंच कपाळावर हात मारून घेतला. हे आधी कसं नाही सुचलं! चांगला प्लग बसवला, कॉक चालू केला, गाडीत आता काहीही खोट ठेवली नाही. आणि हँडलला टॅग अडकवला.

सकाळी हे उठले, लंगडत गाडीपाशी गेले. टॅग दिसला आणि थबकले. दोन्ही हात मागे बांधले. वाकून वाचलं, बोट न लावता. मग मागे सरून ओट्यावर येऊन बसले. किक नाही, ढकलाढकली नाही. मला म्हणाले, "काम चालू हाये तिचं." मी म्हणाले, "हो ना. चहा घ्या." त्यांनी चहा घेतला. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा मी स्वयंपाकघरातून दर मिनिटाला बाहेर डोकावले नाही. पायाची सूज उतरायला लागली. मला वाटलं, जिंकले.

फिटरच्या बायकोनं असं करायला नको होतं. टॅग म्हणजे काय, हे मला भर मे महिन्यात एकदा कळलं होतं आणि मी ते विसरले होते. टॅग म्हणजे नुसतं हात लावू नका, असं नसतं. टॅग म्हणजे कोणीतरी येणार आहे. हे त्या माणसाची वाट बघायला लागले. आधी ओट्यावरून, मग गाडीशेजारी खुर्ची घेऊन. जेवायला उठेनात. "तो आला आन् इथं कोनी नसलं तर?" म्हणायचे. रस्त्यावरून कुणी गेलं की उठून उभे राहायचे. उन्हाळा लागला, सावली सरकायची, हे खुर्ची सरकवायचे नाहीत. डोक्यावर टोपी ठेवली तर काढून टाकायचे. एके दिवशी भर दुपारी मी बाहेर येऊन बघते तर डोळे लाल, ओठ कोरडे पडलेले, आणि नजर रस्त्यावर.

माझा संयम सुटला. "पुरे झालं हे!" म्हणत मी तरातरा गेले आणि टॅगला हात घातला.

त्यांनी माझं मनगट धरलं. त्या हातात अजून इतकी ताकद आहे हे मला माहीत नव्हतं. पण आवाज मऊ होता, परक्या बाईशी बोलावा तसा.

"बाई, त्याले हात लावू नका," म्हणाले. "आत मानूस हाये."

लग्नाला इतकी वर्षं झाली, यांनी मला कधी 'बाई' म्हटलं नव्हतं, कधी अहोजाहो केलं नव्हतं. मी हात सोडवून घेतला नाही. थोड्या वेळानं त्यांनीच सोडला. मी आत गेले, ताट वाढलं, दुसरी खुर्ची आणली, वर छत्री धरली आणि त्यांच्या शेजारी बसले. एक घास त्यांच्या हातात दिला. खाल्ला.

"कोणाचा आहे हो हा टॅग?" मी विचारलं.

त्यांनी वाकून सही बघितली. बराच वेळ बघितली. त्या तिरक्या सहीवरून, खालच्या रेघेवरून नजर फिरवली. "वळखीचा नाही," म्हणाले. "पन मानूस पक्का हाये. सही बघा ना."

"येईल का तो?"

"येईल ना. काम अर्धं टाकून जानारा नाही तो."

मला पुढे विचारायचं नव्हतं. पण तोंडातून गेलं. "त्याच्या घरी कोणी आहे का?"

त्यांच्या हातातला घास तसाच राहिला. कळण्याची भाकरी होती, मेथीची भाजी. घासाकडे बघत म्हणाले, "असंल. घरून डबा येते त्याचा. असाच." मग माझ्याकडे वळले, काळजीनं. "बायको वाट पाहत असंल त्याची. कोनी सांगा तिले, उशीर होईल म्हनून."

"सांगते," मी म्हणाले.

त्यांनी घास तोंडात घातला. मग खिशातून फडकं काढलं, खुर्चीवरूनच हात लांब करून गाडीची सीट पुसली. टॅगला धक्का लागू न देता, आधी पुढची जागा आणि मग मागची.